उभी बाटली

आमच्याकडे दारूच्या दुकानावरून गाव एक होतं ते दुकान बंद करायला. मतदान लागतं आणि चिन्हं दोनच असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे टाळं ठोका. गावातल्या पाव हिस्सा बायकांनी सह्यांचा अर्ज दिला की सरकारी अधिकारी येऊन मतदान घेतात. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात, आणि तीही आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या मतदारांच्या निम्म्याहून. म्हणजे जी घरी बसली तिचं मत आपसूक उभ्या बाटलीला. माझी काकू आमच्या गावच्या मोहिमेत दारोदार फिरली होती. अंगात ताप असलेल्या बाया तिने रिक्षात घालून केंद्रावर नेल्या. दुकान बंद झालं त्या रात्री बायकांनी देवळासमोर फुगड्या घातल्या, हे ती अजून सांगते.

त्यामुळे इंग्लंडला आल्यावर मी घरी फोनवर सांगितलं की इथे एका गावाने वर्गणी काढून गावातला पब विकत घेतला, का तर तो बंद पडू नये म्हणून, तेव्हा काकूने पलीकडून एवढंच विचारलं, "गावात बायका नाहीत का?"

बायका होत्या. पैसे घालणाऱ्यांत त्याही होत्या.

गावाचं नाव हेस्केट न्यूमार्केट. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या कंब्रियात, लेक डिस्ट्रिक्टच्या उत्तर कडेला. पर्यटकांच्या बसगाड्या विंडरमिअरच्या तळ्यापाशी थांबतात. इथवर येतात ते डोंगर चढणारे आणि वाट चुकलेले. स्किडॉ आणि ब्लेनकॅथ्रा या डोंगरांच्या पाठीमागचा हा भाग, झाडं कमी, वारा फार, दगडी बांध आणि मेंढ्या. नावात मार्केट आहे पण बाजार कधीच उठून गेला. मधोमध लांबट हिरवळ, दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी, आणि खांबांवर छप्पर पेललेला बाजारकट्टा तेवढा उरलाय. त्याच ओळीत 'ओल्ड क्राउन'. पाटी नसती तर शेजारच्या घरांतून तो वेगळा काढता आला नसता.

पब म्हटल्यावर पुण्यातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. अंधार, कानठळ्या, दारावर दंड फुगवलेला बाउन्सर आणि बिल बघून उतरणारी नशा. खेड्यातला पब म्हणजे त्यातलं काहीच नाही. बुटक्या छताची खोली, विस्तव, टेबलाखाली पसरलेलं कुत्रं. वेटर येत नाही, आपणच उठून काउंटरवर जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे आणि पेला सांभाळत जागेवर यायचं. एकाच पेल्यावर दोन तास बसलात तरी कुणी फडकं घेऊन टेबल पुसायला येत नाही. आमच्या एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात एका कटिंगवर पेपर अख्खा वाचून होतो ना, तसंच. फरक इतकाच की त्या हॉटेलात माझ्या आईला एकटीने जाऊन बसणं कधी जमलं नसतं, आणि इथे कोपऱ्यातल्या खुर्चीवर सत्तरीची बाई एकटी शब्दकोडं सोडवत बसलेली असते.

तर हकिगत अशी. १९८८ साली पबच्या मालक जोडप्याने मागच्या गोठ्यात एक छोटी ब्रुअरी सुरू केली. बिअरना नावं दिली आसपासच्या डोंगरांची. एका बिअरला मात्र नाव मिळालं डॉरिसच्या नव्वदाव्या वाढदिवसाचं. नव्वदीच्या आजीच्या नावाने बिअर काढायची हे आमच्या माळकरी घराण्यात सांगायची सोय नाही. पुढे त्यांनी पब विकला, ब्रुअरी हातात ठेवली, आणि १९९९ साली तिच्यातूनही निवृत्त व्हायचं ठरवलं. बाहेरच्याने घेतली तर भट्टी इथे राहीलच कशावरून? म्हणून गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून ब्रुअरी घेतली. चार वर्षांनी पबही विक्रीला निघाला. एव्हाना गावाला सवय झाली होती. सव्वाशेच्या आसपास माणसांनी प्रत्येकी दीड हजार पौंड घातले आणि २००३ साली 'ओल्ड क्राउन' गावाचा झाला.

सहकारी मालकीचा ब्रिटनमधला पहिला पब म्हणून त्याचं नाव घेतात. वेल्समध्ये हे बोलू नये. तिथल्या लिथ्वाइन गावाने आपला पब १९८८ सालीच गावकीत घेतला होता. पहिलेपणाचा मान ही सहकारातली सनातन भांडणं आहेत, आमच्या जिल्ह्यात आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना आहे म्हणून मला त्यातलं थोडंफार कळतं.

२००३ हे साल मात्र नीट बघायला हवं. दोनच वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत आली होती. देशात दोन हजारांहून जास्त ठिकाणी लागण सापडली आणि त्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या कंब्रियात. देशभरात साठ लाखांवर जनावरं मारली गेली. डोंगरावरच्या पायवाटा बंद केल्या, त्यामुळे ट्रेकर आले नाहीत, आणि ट्रेकर आले नाहीत म्हणून खानावळी, खोल्या, दुकानं सगळं थंड पडलं. शेतकरी एकमेकांच्या घरी जाईनात, बुटांना लागून रोग जाईल म्हणून. ज्या भागावर हे गुदरलं त्याने दोन वर्षांच्या आत खिशातून प्रत्येकी दीड हजार काढले. सुबत्तेत वर्गणी निघते त्यात काय नवल? ही सुबत्ता नव्हती.

दादा, म्हणजे माझे वडील, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते तेव्हा मी त्यांना तिकडे नेलं. दादांच्या गळ्यात माळ आहे. पंढरीची वारी कधी चुकवलेली नाही. आणि साखर कारखान्याचे ते जुने सभासद. बँकेचं पासबुक एक वेळ सापडणार नाही, भागाचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात, साडीच्या घडीखाली. डोंगर दाखवायला म्हणून निघालो होतो, पण कंब्रियातल्या पावसाने कंब्रियातला पाऊस असतो तसं केलं. 'ओल्ड क्राउन'च्या दारात दादा थबकले. "माळ आहे रे गळ्यात. आत कसा येऊ?"

"चहा मिळतो, दादा."

"चहा बाहेर आणून दे मग."

बाहेर उभं राहण्याजोगं नव्हतंच. शेवटी आले. काउंटरकडे पाठ करून बसले, म्हणजे बाटल्या दिसायला नकोत. चहा आणि बटाट्याचे चिप्स मागवले. विस्तवाजवळ एक म्हातारा शेतकरी बसला होता, पायाशी मेंढ्यांचं कुत्रं. त्याने दादांच्या टोपीकडे पाहिलं, दादांनी कुत्र्याकडे, आणि बोलणं सुरू झालं. मध्ये मी दुभाषा.

काय पिकतं तुमच्याकडे? ऊस. मग साखर कोण करतं? "आमचाच कारखाना आहे," दादा म्हणाले. म्हाताऱ्याने खुर्ची सावरली. त्याला वाटलं, समोर कारखानदार बसलाय. मी खुलासा केला, मालक हजारो आहेत, त्यातले हे एक. त्यावर तो हसला आणि बोटाने छत, भिंत, खिडकी असं दाखवत म्हणाला, मग हे माझंच आहे.

दादांनी पाठ वळवून पहिल्यांदा खोली नीट पाहिली. बाटल्यांसकट. आणि पहिला प्रश्न टाकला, "लाभांश किती देता?"

म्हातारा म्हणाला, त्यासाठी पैसे घातले नव्हते.

"मग सभासदाला मिळतं काय?"

"कमिटीवर ओरडता येतं."

दादा खूष झाले. हे त्यांना समजण्याजोगं होतं.

पुढे गोष्ट गुरांवर गेली आणि तिथून २००१ वर. म्हाताऱ्याची जनावरं त्या साली मारली होती, मेंढ्या आणि दुभत्या गायी मिळून सगळी. दादांना ते पटेना. त्यांनी मला दोनदा विचारायला लावलं की लागण झालेली मारली की चांगलीसुद्धा? चांगलीसुद्धा, म्हातारा म्हणाला. शेजारच्या शेतात रोग निघाला होता, म्हणून. दादांनी हातातला चहा खाली ठेवला. आमच्याकडे लाळ्या आली की जनावराचं तोंड तुरटीच्या पाण्याने धुतात, खुरं धुतात, मऊ चारा घालतात. दूध आटतं, बैल महिनाभर कामाला येत नाही, पण जनावर उठतं. "मारायचं कशाला? तोंड धुवायचं," दादा म्हणाले. मी भाषांतर केलं. म्हाताऱ्याने मान हलवली. निर्यातीचा बाजार, रोगमुक्त देशाचा दर्जा, लसीचं राजकारण, हे सगळं त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, पण त्यातलं काहीही तो बोलला नाही. त्या वसंतात कुठे जाता येत नव्हतं, एवढंच म्हणाला. पब होता, पण रोग पसरू नये म्हणून माणसंच घराबाहेर पडत नव्हती. आणि मग वाटा खुल्या झाल्यावर तो पहिल्यांदा इथे आला, तर नेहमीचेच लोक नेहमीच्याच जागी, आणि त्याच्या गुरांबद्दल कुणीही काहीही विचारलं नाही.

हे वाक्य भाषांतरित करताना मला वाटलं, दादा म्हणणार, असले कसले शेजारी. दादा म्हणाले, "बरोबर आहे. विचारायचं नसतं."

या प्रदेशातल्याच एका बड्या भागधारकाबद्दलही मी त्यांना सांगितलं. बडा म्हणजे नावाने बडा. एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून १९७५ साली जी मोहीम वर गेली तिचे नेते सर ख्रिस बॉनिंग्टन याच परिसरात राहतात आणि पबात त्यांचाही भाग आहे. गंगोत्रीच्या वरच्या शिवलिंग शिखराच्या पश्चिम टोकावरही ते १९८३ मध्ये चढले होते. दादांना एव्हरेस्टचं काही वाटलं नाही. "शिवलिंगावर चढला? बूट घालून?" मी विषय बदलला आणि सांगितलं की एवढा मोठा माणूस असून सभेत मत एकच. त्यावर मात्र दादा गप्प झाले, कारण ते आपल्याकडेही तसंच आहे. कागदावर.

कागदाचीच गोष्ट सांगायची तर नंतरच्या बहुतेक गावपबांनी जो कायदेशीर साचा घेतला तो मला फार हुशार वाटतो. तुम्ही भाग घेता, पण तो दुसऱ्याला विकता येत नाही. नको झाला तर संस्थेकडे परत द्यायचा, आणि तोही संस्थेकडे पैसे असतील तेव्हा. घेतलात त्याच किमतीला परत जातो. इमारतीची किंमत दहा वर्षांत दुप्पट झाली तरी तुमच्या शंभर पौंडांचे शंभरच. व्याज मिळालंच तर बेताचं. एक भाग असो की पन्नास, मत एक. बहुतेक संस्थांच्या नियमांत असंही लिहिलेलं असतं की संस्था मोडली तरी मालमत्ता सभासदांत वाटून घेता येणार नाही, ती तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल. म्हणजे ज्याला कमवायचंय तो आत येतच नाही. येतो तो, ज्याला मंगळवारी संध्याकाळी बसायला जागा हवी आहे.

आता मी कारखान्याची निंदा करायला बसलेलो नाही. माझी फी त्याच उसातून भरली गेली. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून उन्हातान्हात उभा राहिला, आणि १९५० साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला. दुष्काळी नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने कारखाना काढावा ही कल्पना तेव्हा 'ओल्ड क्राउन'पेक्षा शंभरपट वेडगळ होती. त्यातून शाळा आल्या, दवाखाने आले, रस्ते आले. पण पुढे काय झालं तेही आपण पाहिलंय. मी लहानपणी दादांबरोबर वार्षिक सर्वसाधारण सभेला जायचो. मांडव, माइक, अहवालाची जाड पुस्तिका आणि भेळ. "विषय क्रमांक एक" असं वाक्य सुरू व्हायचं आणि ते संपायच्या आत पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर!" मागच्या रांगेतून कुणी "नामंजूर" म्हणालाच तर माइक पोचायचा नाही. अर्ध्या तासात कोट्यवधींचे विषय मंजूर. नंतर सगळे भेळेकडे. दिवाळीला सवलतीची साखर मिळाली की सभासदपणाचं वर्ष संपलं. राज्यातले कित्येक सहकारी कारखाने थकलेल्या कर्जापायी लिलावात निघाले, खाजगी झाले, आणि हजारो मालकांपैकी बऱ्याच जणांना ते पेपरात वाचून कळलं.

एक सभासद एक मत हे तत्त्व दोन्हीकडे तेच. मग फरक पडला कुठे? माझं मत असं की पबाला एक मोठा फायदा आहे, 'ओल्ड क्राउन'चा चेअरमन झाला म्हणून कुणी आमदार होत नाही. सत्तेची शिडी तिथून सुरूच होत नाही, म्हणून खुर्चीसाठी कुणी झटत नाही. उलट कमिटीवर या म्हणून विनवावं लागतं. दुसरं, सभासद रोज मालमत्तेच्या आत बसलेला असतो. गटार तुंबलं तर वास त्यालाच येतो. कारखान्याच्या बॉयलरमध्ये काय चाललंय ते दादांना कसं कळणार? आणि तिसरं, बऱ्याच ठिकाणी संस्था पब स्वतः चालवत नाही. इमारत संस्थेची, धंदा भाडेकरूचा. 'ओल्ड क्राउन'मध्येही तेच. परवान्याचं, कोठाराचं, स्वयंपाकघराचं तो बघतो, नफा-तोटा त्याचा, आणि संस्थेला भाडं. सव्वाशे मालक काउंटरमागे उभे राहिले असते तर पहिल्याच वर्षी खून पडला असता.

या सगळ्याचं मूळही फार लांब नाही. मी राहतो तिथून रॉचडेल जवळ, सहकारी चळवळीचं मूळ गाव मानतात ते. तिथल्या टोड लेनवरचं सहकारी किराणा दुकान आता संग्रहालय आहे. १८४४ च्या डिसेंबरमध्ये, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत, विणकर आणि इतर कारागिरांनी ते उघडलं. संस्थापक म्हणून २८ जणांचा उल्लेख होतो, भांडवलही २८ पौंड. पहिल्या दिवशी मांडलेला माल म्हणजे लोणी, पीठ, ओटचं पीठ, मेणबत्त्या आणि साखर. साखर होती हे दादांना सांगितल्यावर त्यांचा ऊर भरून आला. दुसरी गोष्ट सांगितली नाही ती अशी, की त्या चळवळीतले बरेच लोक दारूचे कट्टर विरोधक होते. पगाराच्या दिवशी मजूर सगळी कमाई पबात उधळतो म्हणून त्याला शुद्ध पीठ आणि वाचनाची खोली द्यायची, हा त्यांचा कार्यक्रम. त्यांनी रचलेल्या नियमांवर दीडशे वर्षांनी त्यांच्याच मुलखात लोकांनी पब घ्यावा, हे बघून ते थडग्यात कुशीवर वळले असतील. आपण फार हसू नये. आपल्याकडच्या कारखान्यांच्या मळीतून, त्यांच्याच आसवन्यांतून देशी दारूही निघत आली आहे. म्हणजे सहकारी मालकीची बाटली आमच्या बाजूला आधीपासूनच होती, फक्त तिच्यावर आजीचं नाव घालायची कुणाची छाती झाली नाही. काकूने जी बाटली आडवी केली तिच्या उगमाशी दादांचा ऊस असू शकतो, हा विचार माझ्या मनात येऊन गेला आणि मी तो घरी काढलेला नाही.

पब बंद का पडतात, हे इथे कुणालाही विचारा, कारणं तयार असतात: सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, २००७ ची धूम्रपानबंदी, बिअरवरचा कर, तरुणांचं न पिणं. सगळी खरी. पण माझ्या मते खरी मेख इमारतीत आहे. १९८९ च्या सरकारी आदेशाने मोठ्या बिअर कंपन्यांना पब मोकळे करायला लावले, मक्तेदारी मोडावी म्हणून. मोकळे झालेले पब गेले कर्ज काढून हजारांनी पब घेणाऱ्या नव्या कंपन्यांकडे. त्यांच्या लेखी पब म्हणजे आधी जागा, मग पेला. भाडेकरूने बिअर त्यांच्याचकडून चढ्या भावाने घ्यायची आणि भाडंही द्यायचं. तो टेकीला आला की इमारत घर म्हणून विकायची, कारण डोंगराच्या पायथ्याचं दगडी घर पबापेक्षा महाग जातं. २००० साली देशात साठ हजारांवर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आलेत.

कायदाही गावांच्या मागून सावकाश आला. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने गावाला एवढंच दिलं की एखादी वास्तू समाजाच्या उपयोगाची म्हणून नोंदवून ठेवता यावी, आणि ती विक्रीला निघाली तर पैसे उभे करायला सहा महिने मिळावेत. हक्क बोली लावण्याचा, विकत घेण्याचा नव्हे. मालकाने सहा महिने घड्याळ बघितलं आणि दुसऱ्याला विकलं तर त्या कायद्यात गावाला काही करता येण्याजोगं नव्हतं. लंडनमधल्या ननहेडचा 'आयव्ही हाउस' अशा नोंदणीतला पहिला पब. तो २०१३ मध्ये ३७१ भागधारकांनी घेतला. तिथे सत्तरच्या दशकात गाण्याबजावण्याची मोठी परंपरा होती आणि शहरात पैसेही उभे राहतात. मला जास्त भावतो तो यॉर्कशरमधल्या हड्सवेलचा 'जॉर्ज अँड ड्रॅगन'. २००८ मध्ये बंद पडला, २०१० मध्ये गावाने घेतला, आणि त्यात त्यांनी छोटंसं दुकान आणि छोटं वाचनालयही बसवलं. मागे भाजीपाल्याचे वाफे. पुढे त्याच पबाला २०१६ चा देशातला सर्वोत्तम पब हा किताब मिळाला. दारूच्या काउंटरशेजारी पुस्तकांचं कपाट, ही जोडी रत्नागिरीच्या नगर वाचनालयात कुणी सुचवून बघावी. ते १८२८ पासून चालत आलंय.

असे पब आता दीडशेच्या वर गेले आहेत, आणि फार थोडे बुडाले. तरी गोडवे गाताना जपून. 'ओल्ड क्राउन'ला दीड हजाराचे सव्वाशे चेक पुरले, पण आज दक्षिणेत पडका पबसुद्धा काही लाख पौंडांना जातो. २०२१ मध्ये सरकारने अशा खरेदीसाठी १५ कोटी पौंडांचा निधी काढला होता, तो २०२४ च्या अखेरीस बंद केला. ज्या गावात निवृत्त डॉक्टर आणि वकील राहतात तिथे भाग पटापट खपतात, आणि ज्या वस्तीत पब खरोखर शेवटची जागा उरलेली असते तिथे शंभर पौंडही जड. ब्राइटनमधल्या बेव्हनडीन या सरकारी घरांच्या वस्तीने २०१४ मध्ये आपला पब उघडून दाखवला, पण त्याचं कौतुक इतकं होतं यातच कळतं की ते विरळ आहे. आणि खरेदी ही सोपी बाजू. नंतर वर्षानुवर्षं चांगला भाडेकरू मिळवणं, छप्पर गळलं की कुणी बघायचं यावर चर्चा, नोव्हेंबरातल्या रिकाम्या रात्री आणि चढलेलं विजेचं बिल. फोटोसाठी राजपुत्र येतो तो एक दिवस. चार्ल्स युवराज असताना 'ओल्ड क्राउन'ला येऊन गेले होते. नंतरचे दिवस गावाचेच.

परत जाताना गाडीत दादा बराच वेळ हिशेब करत होते. भाग विकता येत नाही हे कलम त्यांना मी मराठीत लिहून दिलं. मला वाटलं, आठवण म्हणून नेतायत.

आमच्या गावात दूध संस्थेची जुनी इमारत आहे. संस्था कधीच बंद पडली, दोन खोल्या आणि पुढचा ओटा तेवढा शिल्लक, मोक्याच्या जागी, देवळापासून हाकेच्या अंतरावर. आता ती विकायची चाललंय, आणि घेणारा तिथे परमिट रूम काढणार असं सगळे म्हणतात. काकू आत्ताच सह्यांचे कागद काढून बसली आहे. दादांचं म्हणणं पडलं, दर वेळी बंद करायलाच कशाला मतदान, त्या जागी आपल्याला काय हवंय ते आपणच घेऊ. ओट्यावर चहा, एका खोलीत पेपर आणि पुस्तकं, एका खोलीत बायकांना बसायला जागा, संध्याकाळी नऊपर्यंत उघडी. घरटी पाच हजारांचा भाग, एक घर एक मत, आणि भाग विकायचा नाही. काकू म्हणाली, नऊ नको, दहा. हे सगळं त्यांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, मला आधी वाचायला पाठवून, शुद्धलेखन तपासून.

रात्रीत बारा अंगठे आले. तिघांनी 'जय हरी' लिहिलं. एकाने हप्त्याने चालेल का विचारलं. सकाळी पहिला सविस्तर निरोप आला तो माजी सरपंचांचा: कल्पना उत्तम आहे, गावाच्या हिताची आहे, फक्त चेअरमन कोण ते आधी ठरू द्या.

दादांनी खाली लिहिलंय, चेअरमन दरवर्षी चिठ्ठी टाकून. दोन निळ्या खुणा दिसतायत. माजी सरपंचांचं उत्तर अजून नाही, काकूच्या भागाचे पाच हजार मात्र आले.